गुरांचे औषध, कुत्र्याची मात्रा

ज्या घरी चार गुरे आणि दहापाच शेळ्या आहेत, त्या घरी गोठ्याच्या कोनाड्यात जंताच्या औषधाची अर्धी उरलेली बाटली, तिच्या शेजारी कधीकाळी आणून ठेवलेल्या दोन जाडजूड गोळ्या आणि कागदात गुंडाळलेली एक सिरिंज, एवढा सरंजाम बहुधा असतोच. आणि राखणीचा कुत्रा खंगू लागला, लूत लागून त्याचे केस झडू लागले, किंवा त्याच्या शेपटीखाली काकडीच्या बीएवढे पांढरे तुकडे वळवळताना दिसले, की तालुक्याचा दवाखाना गाठण्यापूर्वी मालकाचा हात त्या कोनाड्याकडे वळतो. या कृतीला एकदम अविचार म्हणता येत नाही. म्हशीला जे औषध पाजतात त्याच नावाचे औषध शहरातल्या दुकानात कुत्र्याचे चित्र असलेल्या वेष्टनात कितीतरी चढ्या दराने विकले जाते, हे त्याने पाहिलेले असते. गाय तीनशे किलोची आणि कुत्रा वीस किलोचा, तेव्हा गाईच्या मात्रेचा पंधरावा हिस्सा कुत्र्याला दिला की काम झाले, असा त्रैराशिकाचा हिशोब तो मनात मांडतो. हे त्रैराशिक बिनचूक असले, तरी ज्या गृहीतावर ते उभे आहे ते मात्र खोटे आहे. कारण औषधाच्या दृष्टीने किलोभर गाय आणि किलोभर कुत्रा ही एकच वस्तू नव्हे. एकाच द्रव्याची दर किलोची मात्रा जनावरागणिक बदलते. कुत्र्यासाठी ती कधी गाईच्या दहापट असते, तर कधी तेहतिसाव्या हिश्श्याएवढी. आणि कोणते औषध कोणत्या प्रकारातले, हे बाटलीच्या रंगावरून, औषधाच्या वासावरून किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून कळण्याचा काहीही मार्ग नाही.

या विषयात पहिला विचार आयव्हरमेक्टिनचा करावा लागतो, कारण त्याचा उपयोगही मोठा आणि धोकाही तितकाच मोठा. जपानच्या शिझुओका प्रांतात कावाना येथील मातीतून सातोशी ओमुरा यांनी एक सूक्ष्म जीव वेगळा काढला. अमेरिकेत मर्क कंपनीच्या प्रयोगशाळेत विल्यम कँपबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या जीवापासून निघणाऱ्या द्रव्याचा कृमिनाशक गुण ओळखला. आणि त्या द्रव्याचे सुधारलेले रूप १९८१ मध्ये पशुवैद्यकात दाखल झाले. पुढे हेच औषध आफ्रिकेत माणसांना आंधळे करणाऱ्या, काळ्या माशीच्या दंशाने पसरणाऱ्या रोगावर उतारा ठरले, आणि २०१५ साली ओमुरा व कँपबेल हे दोघे नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. गाईगुरांसाठी ते बहुधा एक टक्का तीव्रतेच्या इंजेक्शनच्या रूपाने मिळते. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम, अर्थात १०,००० मायक्रोग्रॅम द्रव्य असते. गाईची मात्रा किलोमागे २०० मायक्रोग्रॅम. म्हणून पन्नास किलोला एक मिलिलिटर हा सोपा हिशोब गावोगाव तोंडपाठ झालेला आहे.

आता कुत्र्याकडे वळू. डासांमार्फत पसरणारा एक कृमी कुत्र्याच्या हृदयात आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत वास करतो. त्याच्या प्रतिबंधासाठी जे आयव्हरमेक्टिन महिन्यातून एकदा देतात, त्याचे प्रमाण किलोमागे अवघे ६ मायक्रोग्रॅम असते. वीस किलोच्या कुत्र्याला त्या हिशोबाने १२० मायक्रोग्रॅम पुरतात, आणि एवढे द्रव्य गुरांच्या इंजेक्शनच्या ०.०१२ मिलिलिटरमध्ये आलेले असते. एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा धरला, तर नुसत्या एका थेंबातही हव्या त्याच्या चौपट औषध उतरते. घरातल्या कोणत्याही सिरिंजने हे माप घेता येणार नाही, आणि पाण्यात मिसळून ते पातळ करावे म्हटले तर ज्या द्रावकांत हे औषध विरघळवलेले असते ती सोडून ते पाण्यात नीट राहत नाही. वर औषध कमी आणि तळाशी अधिक, अशी विषम वाटणी होते. सारांश, या कामासाठी गुरांची बाटली उपयोगाची नाही, असाच निर्णय द्यावा लागतो. शिवाय ज्या कुत्र्याच्या रक्तात या कृमीची पिल्ले आधीच फिरत असतील, त्याला औषध दिल्यावर ती एकाएकी मरून कुत्र्याला गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते. म्हणून आधी रक्ततपासणी आणि मग औषध, असा शिरस्ता पशुवैद्य पाळतात.

लुतीचा मामला वेगळा. खरजेच्या किड्यांवर आयव्हरमेक्टिन गुणकारी आहे, आणि पशुवैद्य त्यासाठी किलोमागे २०० ते ४०० मायक्रोग्रॅमपर्यंतची मात्रा, कधी त्याहून अधिक, आपल्या जबाबदारीवर देतात. गुरांच्या बाटलीतले औषध कुत्र्याला टोचल्याने लूत बरी झाली, अशा ज्या हकिकती ऐकू येतात त्यांच्या मुळाशी हेच आहे. पण पशुवैद्य ती मात्रा देतो तेव्हा त्याने कुत्र्याचे वजन केलेले असते, वय विचारलेले असते, जात पाहिलेली असते आणि त्वचा खरवडून किडा कोणता हे सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेले असते. घरी मात्र “लहान जीव आहे, एकच मिली देऊ” असे म्हणून अडीच किलोच्या पिल्लाला एक मिलिलिटर टोचले जाते. त्याचा हिशोब केला तर किलोमागे ४,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे गाईच्या मात्रेच्या वीसपट होतात. जात कोणतीही असो, एवढ्या मात्रेने विषबाधा होते.

जातीचा उल्लेख केला त्याचे कारण असे. हे द्रव्य कृमीच्या मज्जातंतूंतील आणि स्नायूंतील विशिष्ट द्वारे उघडी ठेवून त्याला पंगू करते. ती द्वारे सस्तन प्राण्यांत नाहीत. मात्र त्यांच्याशी साम्य असलेली द्वारे सस्तन प्राण्यांच्या मेंदूत असतात. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत एक प्रथिन देवडीवरच्या पहारेकऱ्याप्रमाणे उभे असते आणि आत शिरू पाहणारे औषध पुन्हा रक्तात लोटून देते. म्हणून निकोप कुत्र्याला ते सोसते. कोली जातीच्या कुत्र्यांना मात्र इतरांना सहज पचणाऱ्या मात्रेनेही झटके येतात, ती बेशुद्ध पडतात, हे औषध प्रचारात आल्यावर लवकरच ध्यानात आले होते. आणि २००१ साली अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी त्याचे मूळ शोधून काढले. ज्या जनुकावरून ते प्रथिन घडते त्यातील चार अक्षरे या कुत्र्यांत गळालेली असतात, त्यामुळे प्रथिन अर्धवट तयार होते आणि देवडी मोकळी पडते. हा दोष कोलीप्रमाणेच ऑस्ट्रेलियन शेफर्ड, शेटलंड शीपडॉग, लांब केसांचा व्हिपेट आणि काही जर्मन शेफर्ड यांतही आढळतो, आणि त्यांच्या संकरातून तो पुढे उतरतो. शहरातून पाळायला आणलेल्या संकरित कुत्र्याचे आजोबा-पणजोबा कोण, हे मालकाला ठाऊक नसते. म्हणून दिसण्यावरून निर्धास्त राहू नये. दोन्ही बाजूंनी दोष आलेल्या कुत्र्याला किलोमागे सुमारे १०० मायक्रोग्रॅमनेही विषबाधा होऊ शकते, आणि ही गाईच्या मात्रेची निम्मी मात्रा झाली. प्रतिबंधाची ६ मायक्रोग्रॅमची मात्रा मात्र अशा कुत्र्यालाही सोसते, यावरून मात्रेचे माहात्म्य लक्षात यावे.

याच्या अगदी उलट स्वभाव फेनबेंडाझोलचा. गाईला ते किलोमागे ५ मिलिग्रॅम एकदाच पुरते. कुत्र्याला किलोमागे ५० मिलिग्रॅम, आणि तेही सलग तीन दिवस द्यावे लागते. तीनशे किलोच्या गाईसाठी दीड ग्रॅमची एक मोठी गोळी असते. वीस किलोच्या कुत्र्याला रोज एक ग्रॅम याप्रमाणे तीन दिवसांत तीन ग्रॅम, म्हणजे गाईच्या दोन गोळ्या लागतात! गाईच्या पंधराव्या हिश्श्याएवढ्या देहाला गाईच्या दुप्पट औषध, हे ऐकून कोणीही चमकेल. पण त्यामागे सरळ कारण आहे. हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आतड्यातून फारसे शोषले जात नाही, आणि कृमीला मारायला त्याचा सहवास दीर्घकाळ घडावा लागतो. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटात ते साठून राहते आणि थोडे थोडे पुढे सरकत असते, म्हणून एकच लहान मात्रा दिवसेंदिवस काम करते. कुत्र्याचा पचनमार्ग आखूड, अन्नाचा प्रवास जलद. आज दिलेले औषध उद्या बाहेर पडते. म्हणून मात्रा मोठी आणि तीन वेळा. त्रैराशिक मांडणारा मालक वीस किलोच्या कुत्र्याला या औषधाचे १०० मिलिग्रॅम एकदाच देऊन स्वस्थ बसतो. कुत्र्याला अपाय काही होत नाही, पण जंतही पुरते मरत नाहीत. उलट जे चिवट असतात तेच मागे उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. मेंढ्यांच्या पोटातील रक्तपिपासू कृमी या वर्गातल्या औषधांना अनेक देशांत दाद देईनासे झाले आहेत, आणि अमेरिकेत शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांतील अंकुशकृमींनी तर एकाहून अधिक औषधांना हुलकावणी देण्यास प्रारंभ केलेला आहे.

तेव्हा गुरांच्या औषधांपैकी कुत्र्याला हिशोबाने देता येण्याजोगे काही असेल तर ते फेनबेंडाझोल होय. मात्र तेही निव्वळ, म्हणजे सोबत दुसरे द्रव्य नसलेले हवे. अठरा किलोच्या कुत्र्याचे उदाहरण घेऊ. अठरा गुणिले पन्नास म्हणजे ९०० मिलिग्रॅम रोज. दहा टक्क्यांच्या पातळ औषधात दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम द्रव्य असते, तेव्हा रोज ९ मिलिलिटर. अडीच टक्क्यांचे असेल तर ३६ मिलिलिटर. दीड ग्रॅमची गोळी असेल तर तिचे पाचांतले तीन भाग; पण अशी गोळी हाताने मोडली तर तुकडे सारखे पडत नाहीत, म्हणून ती खलबत्त्यात बारीक करून पूड सपाट ताटलीत पसरावी, सुरीने पाच सारख्या ओळी पाडाव्यात आणि तीन ओळी दुधात कुस्करलेल्या भाकरीत कालवाव्यात. पातळ औषध असेल तर बाटली आधी चांगली हलवून घ्यावी, कारण न विरघळणारे द्रव्य तळाशी बसलेले असते, आणि न हलवलेल्या बाटलीतून पहिल्या दिवशी पाणी व शेवटच्या दिवशी गाळ पदरी पडतो. औषध अन्नाबरोबर द्यावे. उपाशी ठेवण्याची, वर एरंडेल पाजण्याची जी जुनी रीत आहे, ती दुसऱ्या काळातील दुसऱ्या औषधांसाठी होती.

कोनाड्यातली इतर औषधे मात्र कुत्र्याच्या वाटेला जाऊ देऊ नयेत. अल्बेंडाझोल हे फेनबेंडाझोलचे भावंड असले, आणि शाळेतल्या मुलांनाही त्याची गोळी देत असले, तरी कुत्र्यांत त्यामुळे अस्थिमज्जेचे काम मंदावून रक्तपेशी घटल्याची उदाहरणे नमूद आहेत. लेव्हामिसोलमध्ये उपयोगाची मात्रा आणि विषाची मात्रा यांतले अंतर फार थोडे. लाळ, वांती, कंप ही त्याची पहिली चिन्हे. शेळ्यामेंढ्यांच्या यकृतातील चपट्या कृमींवर देतात त्या क्लोसँटेलची मात्रा वाढली तर दृष्टी जाते, आणि ती परत येण्याची शाश्वती नसते. बाजारात आयव्हरमेक्टिनबरोबर क्लोसँटेल, ऑक्सिक्लोझॅनाइडबरोबर लेव्हामिसोल अशी जोड औषधे सर्रास मिळतात, आणि पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत एखादेच आकर्षक नाव झळकत असते. खरा मजकूर मागच्या चिठ्ठीवर बारीक टाइपात असतो: द्रव्ये कोणती, प्रत्येकाचे प्रमाण किती, कोणत्या जनावरासाठी, तोंडाने द्यायचे की कातडीखाली टोचायचे की पाठीवर ओतायचे. हे सारे वाचता येत नसेल, किंवा चिठ्ठी शेणामातीने माखून पुसली गेली असेल, तर ती बाटली कुत्र्यासाठी नाही असे समजावे. घोड्यांच्या तबेल्यात जी जंताची पेस्ट वापरतात तिच्या एका नळीत पाचशे किलोंहून अधिक वजनाच्या घोड्याची मात्रा असते. घोड्याच्या तोंडातून सांडलेला तिचा गोळा कुत्र्याने चाटला, अथवा औषध दिलेल्या घोड्याची लीद त्याने खाल्ली, तरी विषबाधा झाल्याची उदाहरणे आहेत. म्हणून गुरांना औषध देण्याच्या दिवशी कुत्रा बांधून ठेवणे हीही मात्रेचीच खबरदारी समजली पाहिजे.

औषध कोणते हे ठरवण्यापूर्वी जंत कोणता हे ठरले पाहिजे, आणि येथे मालकाची दुसरी फसगत होते. काकडीच्या बीएवढे जे तुकडे दिसतात ते पट्टकृमीचे खंड असतात. यांपैकी पिसवांमार्फत येणाऱ्या पट्टकृमीवर ना आयव्हरमेक्टिन चालते, ना फेनबेंडाझोल. त्याला प्राझिक्वँटेल लागते, साधारण किलोमागे ५ मिलिग्रॅम, आणि सोबत पिसवांचा बंदोबस्त, कारण पिसू गिळली की जंत पुन्हा आलाच. पिल्लांचे शत्रू निराळे. गोलकृमीच्या अळ्या पिल्लू आईच्या पोटात असतानाच त्याच्या देहात शिरतात, अंकुशकृमीच्या अळ्या दुधातून येतात; म्हणून जन्मल्यापासून दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात पिल्लांना, आणि त्याच वेळी त्यांच्या आईलाही, जंताचे औषध देण्याचा प्रघात आहे. यासाठी पायरँटेल हे सौम्य औषध लहानग्या पिल्लांना सोसते, आणि कुत्र्यांसाठीच तयार केलेल्या ज्या गोळ्यांत पायरँटेल, फेबँटेल व प्राझिक्वँटेल एकत्र असतात, त्यांची मात्रा दहा किलोला एक गोळी अशी आयतीच ठरवलेली असते. गुरांच्या दोन गोळ्या वापरून पैसे वाचवण्यासाठी एवढी सोय सोडावी का, याचा विचार मालकाने करावा.

धनगरांच्या वाड्यावरच्या किंवा खाटकाच्या दुकानाभोवती वावरणाऱ्या कुत्र्यांच्या बाबतीत प्राझिक्वँटेलला आणखी एक महत्त्व आहे. मेंढीच्या यकृतातील वा फुप्फुसातील पाण्याने भरलेला फोड कुत्र्याने खाल्ला, की त्याच्या आतड्यात एक अगदी लहान, काही मिलिमीटरच लांबीचा पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर आणि त्याच्या केसांना चिकटून माणसाच्या हातावर येतात, आणि माणसाच्या यकृतात तसाच फोड वर्षानुवर्षे मुकाट्याने मोठा होत राहतो. कुत्रा वरून धडधाकट दिसतो. विष्ठेत काही वळवळत नाही. हा रोग न्यूझीलंडसारख्या मेंढपाळ देशात इतका बोकाळला होता, की तेथे १९५९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला, मालकांना कुत्री ठरलेल्या जागी हजर करावी लागत, आणि तेथे त्यांना जुलाब करवून जंत पाडले जात. त्या जुलाबाचे द्रव्य होते अरेकोलिन, म्हणजे आपल्या पानदानातल्या सुपारीतलाच अर्क! पुढे प्राझिक्वँटेल आले आणि तो त्रास संपला. पण नुसत्या औषधाने भागले नाही, कच्चे आतडे-काळीज कुत्र्यापुढे टाकण्याची सवय मोडावी लागली, तेव्हा कुठे २००२ साली तेथे रोग जवळजवळ निपटल्याचे जाहीर झाले. कृमी कुत्र्याच्या पोटात पक्व व्हायला सुमारे सहा आठवडे लागतात. ज्या कुत्र्याला कच्चे अवयव खायला मिळतात त्याच्या औषधाची मुदत पशुवैद्य त्या हिशोबाने बांधून देतात.

कोणतेही औषध द्यायचे म्हटले तरी वजनाचा अंदाज नजरेने करू नये. मोठा कुत्रा कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहावे, मग एकट्याने उभे राहावे आणि वजाबाकी करावी. पिल्लू किराण्याच्या तराजूत मावते. दवाखान्यात गेले की कंपाउंडर पहिला प्रश्न “किलो किती?” असाच विचारतो, आणि त्याचे उत्तर घरून तयार असले तर निम्मे काम तेथेच उरकते. गाभण कुत्री, सहा आठवड्यांखालचे पिल्लू, फार खंगलेला किंवा आधीच दुसरे औषध चालू असलेला कुत्रा यांना कोनाड्यातले काहीही न देता सरळ दवाखान्यात न्यावे.

आणि एवढे करूनही कुत्र्याच्या पोटात नको ते गेलेच, तर वेळ दवडू नये. आयव्हरमेक्टिनची विषबाधा काही तासांत, कधी दुसऱ्या दिवशी दिसते: डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, चाल अडखळते, लाळ गळते, अंग थरथरते, कुत्रा भिंतीला धडकतो, आणि शेवटी बेशुद्ध पडतो. यावर नेमका उतारा नाही. शिरेतून द्रव व स्निग्ध द्रावण देणे, श्वास व अन्नपाणी सांभाळणे यावरच मदार असते, आणि जे कुत्रे दिवसचे दिवस, प्रसंगी आठवडेच्या आठवडे असे सांभाळले जातात त्यांतले पुष्कळसे उठतात. सुस्त झालेल्या कुत्र्याच्या घशात मिठाचे पाणी ओतून वांती करवू नये; ते फुप्फुसात जाते आणि एका संकटाची दोन होतात. बाटली, तिची चिठ्ठी, अंदाजे किती मिलिलिटर गेले आणि किती वाजता, हा तपशील बरोबर न्यावा. पशुवैद्याला त्याचा उपयोग मालकाच्या शपथेपेक्षा अधिक होतो.

पंचायतीच्या कराची पावती जपणाऱ्या घराला कुत्र्यासाठी एक वहीचे पान राखून ठेवणे जड नाही. तारीख, वजन, औषधातील द्रव्य, त्याची टक्केवारी, दिलेले मिलिलिटर किंवा मिलिग्रॅम, आणि पुढची तारीख, एवढे सहा रकाने त्यावर पाडले म्हणजे सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला दर महिन्याला आणि मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी द्यावयाच्या औषधाचा विसर पडत नाही. शिवाय हे रकाने भरताना ज्या रकान्यात लिहायला काही सापडत नाही, म्हणजे वजन माहीत नाही, द्रव्याचे नाव वाचता येत नाही किंवा टक्केवारी कळत नाही, तोच रकाना मालकाला सांगतो की आज बाटली उघडू नये, आधी दवाखान्यात जाऊन विचारावे.